काचेवर काय चालतंय? खाऱ्या टँकमधल्या बिनबोलावलेल्या पाहुण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये मासे आपण आणतो, बाकीची वस्ती आपली आपण येते. कधी खडकाच्या भोकांतून, कधी मऊ प्रवाळाच्या बुडख्याला चिकटून, कधी गोगलगाईच्या कवचावर बसून, नाहीतर दुकानाच्या पिशवीतल्या पाण्यातून. उन्हाळ्यात ठाणे-नवी मुंबईत चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) नसलेला टँक सहज 30-31 अंशांवर जातो आणि त्या उबेत ही वस्ती भराभर वाढते. पत्रंही वाढतात. त्यांत प्राण्याचं वर्णन एका ओळीत असतं आणि "औषध कोणतं?" तीनदा असतं. हे उलटं व्हायला हवं. प्रश्न पाठवताना निळे दिवे बंद करून पांढऱ्या उजेडात फोटो काढा, काचेला बाहेरून पट्टी किंवा रुपयाचं नाणं लावा आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ जोडा. फोटोत सगळे ठिपके सारखेच दिसतात. नाव कळतं ते चालीवरून.

टँक 180 लिटरचा, सुरू होऊन सात आठवडे झाले. रात्री दिवे गेले की काचेवर शेकडो पांढरे ठिपके पळतात. सासूबाई म्हणतात, पाण्याला उवा झाल्या. दुकानदाराने तांब्याचं औषध दिलं आहे. टाकू का?
(खारघर)

टाकू नका. बाटली परत घेत असतील तर परत करा.

मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे, थांबत-थांबत झटक्याने पुढे सरकणारे हे ठिपके म्हणजे कोपेपॉड. कोळंबीच्या दूरच्या नात्यातले. काचेवरची तपकिरी साय आणि उरलेलं अन्न खातात, माशाला हात लावत नाहीत. उलट मँडरिनसारखा मासा जवळपास यांच्यावरच जगतो. नव्या टँकमध्ये त्यांचा पूर येतो, कारण काचेवर खायला भरपूर असतं आणि खाणारे मासे थोडे. साय कमी झाली की दोन-तीन महिन्यांत संख्या आपोआप उतरते.

खात्री हवी असेल तर 10 मि.लि.च्या सिरिंजला एअर पंपाची वीतभर नळी जोडा, काचेवरचे चार-पाच ओढून घ्या आणि पांढऱ्या वाटीत सोडा. घड्याळजी डोळ्याला लावतात तसं 10 पटींचं भिंग पुरतं. थेंबासारखं अंग, पुढे दोन मिशा, मागे निमुळती शेपटी आणि मादी असेल तर शेपटीजवळ अंड्यांची पिशवी दिसेल. वाटीत अर्धा-एक सेंटिमीटरचा, अंग वाकवून एका कुशीवर घसरत पळणारा प्राणी आला तर तो अ‍ॅम्फिपॉड. पाण्यात थव्याने तरंगणारे, थेट जवळ्यासारखे दिसणारे मायसिड. दोघेही निरुपद्रवी आणि माशांना आवडीचे.

ठिपका हलतच नसेल तर गोष्ट वेगळी. चुनखडीसारखी घट्ट, दीड मिलिमीटरची पांढरी गुंडाळी हे स्पायरॉर्बिड किड्याचं घर. ते पाणी गाळून खातात, राहू द्या. चपटे, गोल, तिळाएवढे पांढरे दाणे ओळीने किंवा विखरून चिकटले असतील आणि टँकमध्ये नेराइट गोगलगाय असेल तर ती तिची अंडी. ब्लेडने निघतात, पण पुन्हा येतात. फाटे फुटलेल्या बारीक हातांवर काचेवरून सावकाश चालणारा, चपट्या चांदणीसारखा जीव दिसला तर तो हायड्रॉइड जेलीफिश. तो कोपेपॉड खातो. दिसेल तसा नळीने ओढून काढा.

दुकानदाराच्या मनात बहुधा माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होता. त्या परजीवीची पोहणारी अवस्था एक दशांश मिलिमीटरहूनही लहान असते, ती काचेवर डोळ्यांना दिसत नाही. तिची खूण माशाच्या अंगावर दिसते, मीठ भुरभुरल्यासारखी. तसं झालंच तरी तांबं फक्त वेगळ्या, खडक-वाळू नसलेल्या टँकमध्ये वापरायचं. मुख्य टँकमध्ये ते गोगलगाय, कोळंबी, कोपेपॉड सगळ्यांना मारतं, खडकात मुरतं आणि महिनोन्‌महिने थोडं थोडं पाझरत राहतं.

दोन महिन्यांपूर्वी खडकावर तपकिरी, काचेसारखं पारदर्शक फूल उगवलं. छान दिसलं म्हणून ठेवलं, मुलगी त्याला रोज जवळा भरवते. आता चौदा झाली आहेत. एक चिमट्याने खरवडलं तर आठवड्याभरात तिथे चार आली. टँक 200 लिटर.
(घोडबंदर रोड, ठाणे)

ते एप्टेशिया आहे, म्हणजे उपद्रवी समुद्रफूल. लांब देठ, टोकदार बारीक शुंडा, मध्ये तोंड, आणि बोट जवळ नेताच भोकात गडप होणं ही त्याची ओळख. शुंडांची टोकं फुगीर आणि देठ आखूड असेल तर तो मजानो, त्याचा भाऊ. उपाय दोघांनाही तोच.

खरवडल्यावर चार का आली? बुडख्याचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा उरला तरी त्यातून नवं फूल उगवतं. चालताना ते स्वतःही असे तुकडे मागे सोडतं. म्हणून चिमटा, ब्रश, ब्लेड बंद. मुलीला वाईट वाटेल, पण जवळाही बंद.

चौदा ही संख्या हाताने आवरण्यासारखी आहे. बिनभेसळीची कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पूड एक चमचा घ्या, त्यात आरओ-डीआय पाणी (आरओनंतर डीआय रेझिनमधून गाळून क्षार पूर्ण काढलेलं) थेंबथेंब घालून दह्याएवढं दाट करा. टपरीवरचा चुना रसायन म्हणून तोच, पण डबीत आणखी काय आहे ते लिहिलेलं नसतं, म्हणून तो नको. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. हा चुना डोळ्यात गेला तर भाजतो. सगळे पंप बंद करा, पाणी पूर्ण थांबू द्या. सिरिंजला बोथट सुई लावून तोंडाच्या अर्धा सेंटिमीटर वरून पेस्ट हळूच सोडा. सुई टेकली की फूल मिटतं आणि काम फसतं. नीट जमलं तर ते पेस्ट अन्न समजून गिळतं. मग उरलेल्या भोकावर पेस्टचं झाकण घाला. पंधरा मिनिटं थांबा, सांडलेला चुना नळीने ओढून घ्या, मगच पंप सुरू करा.

सगळी चौदा एका दिवसात मारायची घाई करू नका. चुन्याने पाण्याचा पीएच चढतो. 200 लिटरमध्ये एका वेळी पाच, मध्ये दोन दिवस विश्रांती, आणि पीएच 8.5 च्या वर गेला तर त्या दिवशी थांबायचं. लिंबाचा रसही चालतो, पण तो फुलाच्या अंगात टोचावा लागतो आणि नवख्या हाताने ते जमत नाही. दहा दिवसांनी टॉर्च घेऊन खडकाच्या मागच्या बाजूला पाहा, पिल्लं तिथे असतात.

चाळीस-पन्नास झाल्यावर सुईने पुरत नाही, तेव्हा पेपरमिंट कोळंबी आणावी लागते. इथे फसवणूक होते, कधी अजाणता. पेपरमिंटच्या अर्धपारदर्शक अंगावर लांबीच्या दिशेने बारीक लाल रेघा असतात. कॅमल कोळंबी तिच्यासारखीच म्हणून विकली जाते, पण तिला पाठीवर कुबड, मोठे डोळे, आणि ठळक लाल-पांढरी नक्षी असते. ती एप्टेशिया सोडून तुमची झोअँथिड (प्रवाळाच्या नात्यातली, फुलांसारखी दिसणारी वस्ती) खाईल. खरी पेपरमिंटही भरल्या पोटी एप्टेशियाकडे बघत नाही, म्हणून ती आल्यावर आठवडाभर माशांचं खाणं मोजून द्या. बर्घिया ही समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशिया खाते. ती मिळाली तर उत्तम, फक्त एप्टेशिया संपली की तिला दुसऱ्या टँकमध्ये द्यावं लागतं, नाहीतर ती उपाशी मरते.

खडक बाहेर काढून उकळण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. खडकावर झोअँथिड किंवा त्यांचाच प्रकार असलेला पालिथोआ असेल तर त्यातलं पालिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर घरभर पसरतं, आणि त्याने माणसं इस्पितळात जाण्याइतकी आजारी पडतात.

रात्री टँकमधून टक्‌ टक्‌ आवाज येतो. महिन्याभरात तीन टर्बो गोगलगाई आणि एक लहान मासा गेला. मँटिस (ठोसा मारून कवच फोडणारा कोळंबीसारखा प्राणी) असेल का? काच फोडेल का?
(वाशी)

आधी आवाजाचा सोपा उगम तपासा. चिलरचा रिले चालू-बंद होताना असाच टकटकतो आणि दिवसा तो ऐकूच येत नाही. (हीटरचाही वाजतो, पण वाशीत हीटर लावायची वेळ क्वचितच येते.) पॉवरहेडच्या (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) चुंबकात वाळूचा कण अडकला तरी वाजतं. एका रात्री चिलर आणि पंप एकेक करून पाच मिनिटं बंद ठेवा. तरीही आवाज आला तर आत कुणीतरी आहे.

कोण, हे कवचं सांगतील. मेलेल्या गोगलगाईंची कवचं काढून पाहा. भोक पडलेलं किंवा काठ तुकड्या-तुकड्यांनी फुटलेला असेल तर मँटिस. कवच अखंड आणि रिकामं असेल तर गोगलगाय उपासमारीने किंवा मीठ एकदम बदलल्याने मेली असण्याची शक्यता जास्त. ठोका जोराचा पण कवचं शाबूत असतील तर पिस्तूल कोळंबीचा संशय घ्या. तिचा एक नांगा दुसऱ्याच्या दुप्पट असतो, त्याची चुटकी वाजवून ती बारीक शिकार गारद करते. ती बहुतेक वेळा ठेवायला हरकत नसते.

दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून बघा. बहुतेक कवचधारी प्राण्यांना लाल उजेड फारसा कळत नाही. भोकाच्या तोंडाशी देठावरचे, स्वतंत्र फिरणारे दोन डोळे दिसले की संशय फिटला. भोकावर खूण करा.

पकडण्यासाठी अर्धा लिटरच्या बाटलीचं वरचं टोक कापून उलटं आत बसवा, आत कोळंबीचा तुकडा आणि वजनाला दगड ठेवा, आणि संध्याकाळी बाटली भोकाजवळ मांडा. दोन-तीन रात्रींत आला नाही तर तो खडकच बादलीत काढा, टँकच्या पाण्यात नव्हे, कोरडा. भोकात सिरिंजने साधा सोडा सोडा. गोड नको, मसाला तर नकोच. कार्बन डायऑक्साइडने गुदमरून तो काही मिनिटांत बाहेर येतो. खाली टँकच्या पाण्याचं भांडं असू द्या. हे टँकच्या आत करू नका, त्या खडकातले चांगले जीवही गुदमरतील. आणि भोकात बोट घालू नका. दोन-तीन सेंटिमीटरचा मँटिस काच फोडत नाही, बोट मात्र रक्ताळतं.

नखाएवढे राखाडी तारामासे शेकड्याने झालेत. आणले नव्हते. एकाचेही हात सारखे नाहीत, रोगट आहेत का?
(नेरूळ)

अ‍ॅस्टरिना. हात लहान-मोठे असतात कारण तो स्वतःला दोन तुकड्यांत फाडून वाढतो आणि उरलेले हात नंतर फुटतात. बहुतेक शेवाळ आणि काचेवरची साय खातात. झोअँथिड असतील तर सकाळी दिवे लागण्याआधी बघा: तारामासा बसलेल्या जागी पॉलिप वितळलेले दिसले तर वेचून काढा, रोज दहा. हार्लेक्विन कोळंबी आणू नका. ती फक्त तारामासे खाते, हे संपले की तिचं काय करणार?

खडक हलवताना बोटात बारीक पांढरे काटे घुसले, दोन दिवस आग होत होती. खडकाखाली गुलाबी, केसाळ, वीतभर किडा आहे. मासे खातो का?
(ऐरोली)

बोटासाठी: चोळू नका, चिकटपट्टी दाबून एका झटक्यात ओढा, दोन-तीनदा. मग दहा-पंधरा मिनिटं व्हिनेगर. सूज मनगटाकडे चढली किंवा श्वास जड वाटला तर डॉक्टरकडे.

किडा ब्रिसलवर्म आहे आणि टँकचा झाडूवाला आहे. तो मेलेल्या माशाजवळ सापडतो म्हणून मारेकरी ठरतो, पण तो मासा आधीच मेलेला असतो. फायरवर्म वेगळा. त्याच्या प्रत्येक खंडावर पांढऱ्या केसांच्या बाजूला लालसर झुपकेदार कल्ले असतात, डोक्यावर मांसल तुरा असतो, आणि तो दिवसाउजेडी प्रवाळावर चढून खातो. तो अटलांटिक-कॅरिबियनकडचा असल्याने आपल्याकडे कमीच येतो.

वीतभर लांबी आणि संख्या या दोन्ही गोष्टी तुमच्या खाण्याच्या डब्याबद्दल बोलतात. दोन मिनिटांत मासे संपवतील एवढंच द्या. गोठवलेलं अन्न चाळणीत आरओ पाण्याने धुऊन द्या, त्याचं पाणी टँकमध्ये ओतू नका. महिन्या-दोन महिन्यांत किडे कमी आणि बारीक होतील. मोठा काढायचाच असेल तर जुन्या नायलॉन मोज्यात कोळंबीचा तुकडा बांधून रात्री ठेवा. केस जाळीत अडकतात, सकाळी मोजासकट उचला. इथून पुढे हात घालताना रबरी मोजे.

वाळूवर आणि खडकावर गंजासारखे लाल-तपकिरी ठिपके आहेत, दिवसा वाढतात. लाल शेवाळाचं औषध दोनदा टाकलं, फरक नाही. टँक 200 लिटर.
(नौपाडा, ठाणे)

फरक नाही म्हणजे शेवाळ नसावं. सिरिंजने फुंकर मारून बघा. लाल सायनोबॅक्टेरिया, म्हणजे ज्याला लाल शेवाळ म्हणतात तो, सायीसारखा एकसंध पापुद्रा होऊन उचलला जातो, त्याखाली बुडबुडे असतात. तुमच्याकडचे ठिपके सुटे-सुटे कोलांट्या खात उडाले, परत बसले आणि सरकू लागले, तर ते लाल चपटे किडे, म्हणजे फ्लॅटवर्म. तीन-चार मिलिमीटर, मागच्या टोकाला दोन-तीन शेपट्या. ते अंगातल्या शैवालासाठी ऊन शेकत बसतात, म्हणून दिवसा जास्त दिसतात.

या पानावरचा खरा धोका इथे आहे. किडा जिवंत असताना त्रास थोडा, पण हजारो एकदम मेले की अंगातलं विष पाण्यात उतरतं आणि तासाभरात मासे पालथे पडतात. त्यामुळे आधी संख्या घटवायची. एअर पंपाच्या नळीने, दिवे लागल्यावर दुपारी, एक दिवसाआड ओढून काढा. नळीचं दुसरं टोक संपमधल्या फिल्टरच्या मोज्यात ठेवा म्हणजे पाणी परत मिळतं. (संप म्हणजे खालची फिल्टरची टाकी, हरताळ नव्हे.) मोजा दरवेळी बाहेर नळाखाली धुवा. दोन आठवड्यांत नव्वद टक्के निघायला हवेत.

फ्लॅटवर्मचं औषध त्यानंतरच. त्या दिवशी 50 लिटर खारं पाणी आदल्या रात्रीपासून फिरवून तयार ठेवा. 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग) खारेपणासाठी साधारण 1.8 किलो मिश्रण लागेल, पिशवीवरचा आकडा पाहून आणि खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने मोजून. नवा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन 200 ग्रॅम धुऊन हाताशी असू द्या. स्किमर (फेसाने घाण काढणारं यंत्र) बंद, एअर पंप जोरात, औषधाचा डोस बाटलीवरचाच. मरणारे किडे तरंगू लागतील, ते सतत ओढून घ्या. अर्ध्या तासाने, किंवा एखादा मासा धापा टाकू लागला तर त्याच क्षणी, कार्बन सुरू करा आणि 50 लिटर पाणी बदला.

हे पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं नको. घरगुती यंत्र चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) 30-80 राहतो. सोसायटीत टँकर येत असेल तर आणखी बेभरवशाचं. आरओपुढे डीआय रेझिन लावा, मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. लाल शेवाळाचंही मूळ अनेकदा याच पाण्यात असतं.

उरणच्या किनाऱ्यावरून चार दगड आणि 40 लिटर पाणी आणून टँक भरला. आता क्लाउन माशाच्या डोक्यावर करड्या रंगाचा, मोठ्या डोळ्यांचा किडा बसतो, रात्री वाळूत जातो. ऐरोलीच्या खाडीचं पाणी घेतलं असतं तर बरं झालं असतं का?
(उलवे)

किडा आधी. भिजल्या विटेखाली सापडणाऱ्या करड्या किड्यासारखा लंबगोल, अर्ध्या ते एक सेंटिमीटरचा, मोठ्या डोळ्यांचा, आणि पाण्यातून गोळीसारखा सुटणारा असेल तर तो सिरोलॅनिड आयसोपॉड. तो माशाचं रक्त पितो. सगळे आयसोपॉड वाईट नसतात, खडकावर हळू चालणारे दोन मिलिमीटरचे निरुपद्रवी असतात, पण माशावर बसलेल्याला माफी नाही.

मासा जाळीत धरून बोथट चिमट्याने किडा सुटत असेल तर सोडवा. ओढाताण करू नका, कातडी फाटते. नाहीतर टँकच्याच तापमानाच्या आणि पीएचच्या गोड्या पाण्यात तीन ते पाच मिनिटं बुडवा, नजर न हटवता. मासा कलंडला तर लगेच बाहेर. मग सगळे मासे दुसऱ्या टँकमध्ये हलवा आणि हा टँक किमान तीन महिने बिनमाशांचा ठेवा. मध्ये दर आठवड्याला वरचाच बाटलीचा सापळा, कोळंबीच्या तुकड्यासह. एकटा दिसला म्हणून एकच आहे असं धरू नका.

खाडीचं पाणी आणखी वाईट. पावसाळ्यात त्याचा खारेपणा कोसळतो, आणि वर्षभर त्यात गाळ आणि सांडपाणी असतंच. शिवाय ठाणे खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथून काहीही उचलणं बेकायदा. दगडावर कडक प्रवाळ असेल तर तो कुठल्याही किनाऱ्यावरचा असो, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. नवीन टँकसाठी कोरडा खडक घ्या. वस्ती हवी तर ओळखीच्या निरोगी टँकमधली मूठभर वाळू पुरते.

आता हातात असलेले उरणचे दगड परत किनाऱ्यावर टाकू नका, टँकमधले परके जीव त्यांच्याबरोबर समुद्रात जातील. गच्चीवर महिनाभर कडक उन्हात वाळवा. त्यांच्यावरची मेलेली कालवं आणि शिंपले ब्रशने उतरवा, मोजे घालून, आणि शेजाऱ्यांना वासाची कल्पना आधी देऊन.